तुम्ही विचारलंत म्हणून: तो जीन टाकला की पाण्याशिवाय पीक येईल का?

मी पिकांच्या जनुकांवर काम करते असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच, "मग तो दुष्काळाचा जीन टाकला की पाण्याशिवाय पीक येईल ना?" नाही हो. पानावर बारीक तोंडं असतात, पर्णरंध्रं, त्यातूनच कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्यातूनच पाणी उडून जातं, म्हणजे तोंड मिटलं की पाणी वाचतं पण झाड उपाशी.

आणि ते फोटो! एका कुंडीत वाळलेलं झाड, शेजारी जीनवालं हिरवंगार. मी पण एकदा हुरळले होते, पाणी तोडल्यावर बाकीच्यांनी माना टाकल्या, आमचं आपलं टवटवीत, लॅबमध्ये नाचायचंच बाकी होतं. मग कोणीतरी म्हणालं, कुंड्यांचं वजन तर करा. केलं, तर आमच्या कुंडीतली माती अजून ओलीच! झाड मुळात खुरटं, पानं एवढीशी, पाणी प्यायलंच कमी म्हणून शेवटपर्यंत पुरलं. शेतात असल्या खुरट्याचं काय लोणचं घालायचंय?

पण सगळंच थोतांड आहे असंही नाही. मातीतल्या एका जिवाणूचा जीन घातलेला मका अमेरिकेत 2013 पासून पेरतात, पाण्याचा ताण बेताचा असेल तर तो थोडाफार तगून जातो. अर्जेंटिनाने 2020 मध्ये मंजूर केलेल्या गव्हात सूर्यफुलाचा जीन आहे. ताण आला की झाडात इथिलीन नावाचं संप्रेरक वाढतं आणि पानं पिवळी पडायची घाई सुटते, हा गहू ते जरा कानाआड करतो (मला ही आयडिया फार आवडते). आणि 2025 मध्ये भारतात जाहीर झालेल्या पुसा डीएसटी राइस 1 मध्ये तर बाहेरचं काही घातलेलंच नाही, भाताचाच एक जीन एडिट करून बंद केलाय.

म्हणून मी उलटं विचारते, पाणी नेमकं कधी तुटणार? मक्याला फुलोऱ्यात ताण बसला तर वरचा तुरा पराग सांडून मोकळा होतो आणि कणसाचे केस मागाहून बाहेर येतात, वाट बघत बसतात. असं कणीस सोलून बघा कधी, चार दाणे इथे, दोन तिथे, बाकी नुसतं बोळकं. झाड मात्र हिरवं असतं, फोटोत अगदी छान दिसतं.