वॉर्डातल्या एका बेसिनसाठी सहा महिने

लातूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी स्टाफ नर्स आहे. खाटा ३०, आणि फिमेल वॉर्डला हात धुवायला बेसिन एकच, ते पण पार बाथरूमपाशी, नळ गळका. पावसाळ्यात गॅस्ट्रोचे पेशंट भरले आणि तापासाठी ॲडमिट असलेल्या शेजारच्या खाटेवरच्या आजीला तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले. ती रात्र डोक्यातून जाईना, म्हणून वॉर्डाच्या दारातच दुसरं बेसिन मागितलं.

साहेबांनी लगेच सही केली, रुग्ण कल्याण समितीत पैसे पण होते. अडलं ते ऑफिसच्या टेबलावर. क्लार्क म्हणले, सिस्टर, सॅनिटायझरच्या बाटल्या दिल्यात की, मग बेसिन कशाला? तीन वेळा समजावलं, की हाताला घाण लागली असली, जुलाबाचा पेशंट हाताळला असला तर सॅनिटायझर पुरत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं, ४० ते ६० सेकंद चोळून. ग्लोव्हज काढल्यावर पण हात धुवायचेच असतात. मग म्हणले तीन कोटेशन आणा. आमच्या गावात प्लंबरच दोन! तिसरं उदगीरहून आणलं तर शिक्का नाही म्हणून परत. मग फाईलच सापडंना. दर सोमवारी नाईट संपवून तसंच ऑफिसात जायचं आणि ‘बघतो’ ऐकून यायचं, अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. पहिल्या अर्जाची पोच घेतली नव्हती, तुम्ही ती चूक करू नका. दुसऱ्या अर्जाला आवक नंबर घेतला आणि वॉर्डात आल्यावर जुलाब लागलेल्या पेशंटची तारीखवार यादी जोडली, तेव्हा कुठं समितीच्या मिटिंगात विषय निघाला.

प्लंबर दोन तासात बसवून गेला. कोपरानं उघडायचा नळ मागा, धुतलेले हात परत नळाला लागत नाहीत.

हां, तोवर काय केलं ते राहिलंच. तोटीची बादली स्टुलावर, खाली टब, जाळीच्या पिशवीत साबण. सांडलेल्या रक्ताला ब्लीचिंगचं १ टक्का पाणी, पावडर ३० टक्केवाली असेल तर लिटरला ३३ ग्रॅम, रोज ताजं करायचं, आणि पोत्याचं तोंड बांधून ठेवा नाहीतर क्लोरीन उडून जातो.

बादली अजून काढली नाही. उन्हाळ्यात टँकर चुकला की नवीन नळ पण कोरडाच राहतो, तेव्हा मावशी सकाळीच ती भरून ठेवतात.