दुसऱ्या अल्बमला सहा वर्षं का लागली?

सांगली-मिरजेत कुठंही वाजवलं की कार्यक्रमानंतर कुणीतरी हटकून विचारतं, "पहिला अल्बम अकरा दिवसांत केलात, मग दुसऱ्याला सहा वर्षं कशी लागली?" धनगरी ओवी, गजीचा ढोल आणि प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांबलचक, वळणं घेत जाणारी रॉक गाणी, असं आमचं वाजवणं. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

पहिल्या वेळी आम्ही ओवी मापात बसवली होती. सात मात्रांचं आवर्तन, वर गिटार आणि सगळ्यांच्या कानात क्लिकची, म्हणजे लय धरायला हेडफोनमधून वाजणाऱ्या ठोक्यांची, टिकटिक. ओवीत गाण्याचा भाग असतो तसा गद्यात सांगायचाही असतो. गाणारा थांबतो, देवाची कथा बोलून पुढं नेतो आणि परत सूर धरतो. हे सांगणं आम्ही कापून टाकलं, कारण आम्हाला ते संगीत वाटलंच नव्हतं. अल्बम लोकांना आवडला.

मग आरेवाडीला, बिरोबाच्या बनात, ज्या तात्यांचा आवाज घेतला होता त्यांना तो मोबाइलवर ऐकवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. म्हणाले, "आवाज माझाच हाय. पर सांगणं कुठं गेलं?"

त्या दिवसापासून मला पहिला अल्बम ऐकवत नाही. वीस-वीस मिनिटांची गाणी आवडीनं ऐकणारे आम्ही, आणि तात्यांची चार मिनिटांची कथा आम्हाला लांब वाटली होती!

दुसऱ्या अल्बममध्ये सांगणं ठेवायचंच, असं ठरलं आणि खरी अडचण सुरू झाली. तात्या एकच प्रसंग एकदा चार मिनिटांत सांगत, एकदा नऊ. समोर कोण बसलंय त्यावर ते ठरायचं. स्टुडिओत त्यांच्या कानाला हेडफोन लावला, तर दोन ओळींत काढून ठेवला. "ते टकटक बंद करा की. त्येच्यामागं पळाय लागतंय मला." सुराचंही तेच. त्यांचा षड्ज, म्हणजे 'सा', पेटीच्या काळी चार आणि पांढरी सहा या शेजारच्या पट्ट्यांच्या मधे कुठंतरी, आणि रंगात आले की आणखी वर. एका वर्षी तर आम्ही त्यांचा आवाज संगणकावर ओढून-ताणून सुरात 'आणला'. ते ऐकून आमच्या ड्रमरनं बँड सोडला. त्याचं बरोबर होतं.

त्या काळात मी जेथ्रो टल फार ऐकलं. या इंग्लिश बँडचं नाव १७०१ च्या सुमारास बी पेरायचं यंत्र, म्हणजे तिकडची पाभरच, बनवणाऱ्या माणसावरून घेतलेलं. त्यांच्याही दुसऱ्या अल्बमआधी गिटारवादक मिक एब्रहॅम्स बाहेर पडला. त्याला ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, तेवढंच वाजवायचं होतं. मार्टिन बार आला, इयान अँडरसनला लोकसंगीताकडं वळायला मोकळीक मिळाली आणि १९६९ चा 'स्टँड अप' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. पहिल्या अल्बमला दबून राहिलेले मतभेद दुसऱ्याला वर येतात, हे मला तिथं पटलं.

वाट मात्र दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या बँडनं दाखवली. त्यांचा १९९३ चा पहिला अल्बम स्टुडिओतला. दुसरा 'डेझर्ट रेन' म्हणजे १ जानेवारी १९९७ ला, पथनाट्य करणाऱ्या सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमातलं थेट ध्वनिमुद्रण. वाजवताना ते एकमेकांसाठी थांबतात, ते कानाला कळतं.

मग आम्हीच तात्यांच्या अंगणात गेलो. क्लिक नाही. गिटारी त्यांच्या षड्जाला लावल्या, आणि ओवी बदलली की परत लावल्या. सांगणं सुरू झालं की बास गिटारनं एकच स्वर धरायचा, नव्या ड्रमरनं ढोलवाल्याच्या हाताकडं बघत राहायचं. ढोलावर टिपरू, म्हणजे वाजवायची काठी, उतरलं की सगळ्यांनी आत यायचं. हे 'आत येणं' जमायलाच दोन उन्हाळे गेले. सुरुवातीला आम्ही प्रत्येक वेळी घाई करायचो.

मागच्या महिन्यात तयार अल्बम तात्यांना ऐकवला. तिसऱ्या ओवीत सांगणं आलं तसा त्यांनी हात वर केला आणि मोबाइलमधल्या आवाजाच्या आधी पुढचा प्रसंग स्वतःच सांगायला लागले. तो रेकॉर्डिंगपेक्षा वेगळा होता. आम्ही मोबाइल बंद केला आणि खाली बसलो.