तीस रॅक आणि एक शुद्धिपत्रक : सरकारी पुरवठ्याचा माझा अनुभव

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमची फॅब्रिकेशनची लहान शेड आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फाउंड्र्यांना लागणाऱ्या ट्रॉल्या, पॅलेट आणि रॅक बनवणे हे वडिलांच्या काळापासूनचे काम. वाहन उद्योगाची मागणी उतरली की फाउंड्र्यांचे काम कमी होते आणि आमच्या ऑर्डरीही थांबतात, हे दोनदा सोसल्यावर मी सरकारी खरेदीकडे वळायचे ठरवले. सरकारी काम ओळखीशिवाय मिळत नाही, असे अनेकांनी बजावले होते. परंतु माझी पहिली निविदा गेली ती ओळख नव्हती म्हणून नव्हे, तर एक कागद मी वाचला नव्हता म्हणून.

ती निविदा राज्य शासनाच्या महाटेंडर्स पोर्टलवर होती आणि शाळेच्या बाकांसाठी होती. मी क्लास थ्री डिजिटल स्वाक्षरी काढली, बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबतची अनामत, भरली, तांत्रिक आणि आर्थिक असे दोन्ही लिफाफे तयार केले आणि तीन रात्री जागून दर काढला. मधल्या काळात एक शुद्धिपत्रक, म्हणजे निविदेतील बदल कळवणारा कागद, निघाले होते व त्यात शपथपत्राचा नमुना बदलला होता. मी मूळ निविदा एकदा उतरवून घेतल्यानंतर त्या पानावर पुन्हा गेलोच नव्हतो. तांत्रिक छाननीत आम्ही अपात्र ठरलो आणि आमचा आर्थिक लिफाफा उघडलाही गेला नाही. दर कितीही चांगला असला तरी तो कोणाच्या नजरेस पडण्याआधी कागदपत्रांची परीक्षा होते, हे मला तेव्हा उमगले. त्यानंतर मी निविदा भरण्याच्या दिवशी सकाळी पोर्टल पुन्हा उघडून शुद्धिपत्रके तपासल्याशिवाय स्वाक्षरी करत नाही.

दुसरा प्रयत्न जेम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवर केला. त्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची केंद्राकडची नोंदणी, नीट करून घेतली. ही नोंदणी विनाशुल्क आहे आणि स्वतःच्या घोषणेवर होते, त्यामुळे तिच्यासाठी कोणाला पैसे देण्याचे कारण नाही. मात्र तिच्यात आपला व्यवसाय उत्पादन म्हणून नोंदलेला आहे की व्यापार म्हणून, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. कारण सूक्ष्म व लघु उद्योगांना मिळणारे खरेदीतील प्राधान्य व्यापाऱ्यांना लागू होत नाही. केंद्राच्या 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार मंत्रालये, विभाग आणि केंद्रीय सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी किमान 25 टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते; त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. निविदा संच मोफत मिळणे आणि बयाणा रकमेतून सूट मिळणे, या सवलतीही त्याच धोरणातल्या. राज्य शासन, जिल्हा परिषद किंवा महानगरपालिका यांच्या निविदेला हेच नियम लागू होतील असे गृहीत धरू नये. तेथे त्या निविदेतील अटीच प्रमाण मानाव्यात.

पुण्यातील एका केंद्रीय कार्यालयाला 120 लोखंडी रॅक हवे होते. आम्ही प्रत्येकी 6,950 रुपये दर भरला आणि सर्वांत कमी दर 6,400 रुपयांचा निघाला. मी आशा सोडली होती. परंतु तो पुरवठादार सूक्ष्म वा लघु उद्योगात मोडत नव्हता आणि आमचा दर त्याच्या दराच्या 15 टक्क्यांच्या आत होता. अशा वेळी लहान उद्योगाने तोच कमी दर मान्य केल्यास धोरणानुसार 25 टक्क्यांपर्यंतचा पुरवठा त्याला देता येतो. आमच्यापुढे 30 रॅकचा प्रस्ताव आला.

होकार देण्यापूर्वी मी सगळा हिशेब नव्याने मांडला, आणि या टप्प्यावरच लहान उद्योजकाने सर्वाधिक वेळ घालवावा असे माझे मत आहे. पोर्टलवरचा दर जीएसटी आणि माल पोहोचवण्याचा खर्च धरून असतो. मी गाडीभाडे 120 रॅकवर वाटले होते. आता तेवढेच भाडे 30 रॅकवर पडणार होते. पुण्याहून माल घेऊन कोल्हापुरात आलेल्या आणि रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोची सोय झाली, तेव्हा तो खर्च आटोक्यात आला. आठ बाय चार फुटी पत्र्यातून फळ्या कापल्यावर उरणाऱ्या पट्ट्या आम्ही भंगारात घालत असू; त्याच पट्ट्या फळ्यांच्या खालच्या आधारासाठी वापरल्या. पत्र्याची जाडी मात्र कमी केली नाही. कमी दर मान्य करून पातळ पत्रा लावणे म्हणजे ज्या मुलांनी त्या रॅकचे वेल्डिंग केले त्यांच्या हातांचाच अपमान, अशी माझी भावना आहे. पत्र्याचे टेस्ट सर्टिफिकेट आम्ही मालासोबत पाठवले आणि तेथील अधिकाऱ्यांनी मायक्रोमीटर लावून जाडी तपासली, तेव्हा मला चिंता वाटली नाही.

माल पोहोचवल्यावर स्वीकृतीचा दाखला, ज्याला सारे 'क्रॅक' म्हणतात, तो पोर्टलवर निघाल्याशिवाय देयकाची प्रक्रिया पुढे सरकत नाही. त्यामुळे कोणत्या रॅकची कोणी मोजणी केली, मालाच्या चलानावर कोणाची सही आहे, याची छायाचित्रे आणि प्रती मी त्याच दिवशी घेतल्या. लहान उद्योगाचे पैसे मान्य मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांत, देण्याचे बंधन 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने खरेदीदारावर घातले आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज मागता येते आणि ऑनलाइन तक्रारही नोंदवता येते. तरीही पत्र्याचे पैसे आधी द्यावे लागतात, पगार महिन्याला द्यावे लागतात, म्हणून दोन महिन्यांचे खेळते भांडवल बाजूला ठेवूनच मी होकार दिला होता.

आमचे पैसे चोविसाव्या दिवशी जमा झाले. त्याच दुपारी पावडर कोटिंगवाल्यांचे बिल चुकते केले, आणि संध्याकाळी शाळेच्या बाकांची नवी निविदा उतरवून घेतली. तिचे पहिले शुद्धिपत्रक दुसऱ्याच दिवशी निघाले. ते छापून फाइलमध्ये सर्वांत वर लावले आहे.