उंच केलेली जिप्सी खाली आणताना

२०२२ च्या दिवाळीनंतर मी पुण्यातून २००८ सालची एक मारुती जिप्सी विकत घेतली. जावळी तालुक्यातल्या आमच्या शेताकडे जाणारी शेवटची दोन किलोमीटरची वाट पावसाळ्यात साध्या गाडीला दाद देत नाही, आणि हलके वजन, चारही चाकांना मिळणारी ताकद व जुन्या मिस्त्रींच्या परिचयाचे साधे पेट्रोल इंजिन या गोष्टी माझ्या ऐपतीत एकत्र देणारी दुसरी गाडी मला सापडली नाही. आधीच्या मालकाने ती ‘चार इंच लिफ्ट’ करून, म्हणजे चासी (गाडीचा सांगाडा) चाकांच्या मानाने तेवढी वर उचलून घेतली होती, २३५/७५ आर १५ मापाचे रुंद टायर बसवले होते आणि पुढे दिव्यांची पट्टी लावली होती. हे चार इंच आपल्याला फुकट मिळाले, असे मला तेव्हा वाटले होते, हे कबूल केले पाहिजे.

तो आनंद सारोळ्याजवळच्या नीरेच्या पुलापर्यंत टिकला. पुलावरचा सांधा ओलांडताच पुढची दोन्ही चाके अशी नाचू लागली की स्टेअरिंग हातात धरून ठेवणे कठीण झाले. ब्रेक न दाबता वेग हळूहळू उतरू दिला तेव्हा कुठे ती शांत झाली. त्या वेळी काटा साठावर होता. खरा वेग त्याहून जास्त होता, हे मला घरी आल्यावर हिशेब मांडला तेव्हा समजले. जिप्सीच्या मूळ २०५/७० आर १५ टायरचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर भरतो आणि या टायरचा सुमारे ७३३, म्हणजे जवळजवळ दहा टक्के जास्त. त्यामुळे काटा साठ दाखवत असताना गाडी सहासष्टने धावत होती, आणि मीटरवरचे किलोमीटरही तेवढ्याच प्रमाणात कमी पडत आले होते. खंबाटकीचा घाट मी मालट्रकांच्या मागे चढलो आणि त्यांच्या संथपणाबद्दल आयुष्यात प्रथमच कृतज्ञता वाटली.

साताऱ्यात आल्यावर ओळखीच्या मिस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेतली. पुढचे चाक जॅकवर उचलून, वर आणि खाली धरून हलवले, तर ते स्पष्टपणे हलत होते. मग त्यांनी मला आत बसून ब्रेक दाबायला सांगितला आणि चाक पुन्हा हलवले. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये असतो आणि तशीच राहिली तर किंगपिनमध्ये, म्हणजे चाक ज्या खुंटीवर डावी-उजवीकडे वळते तिच्यात, ही त्या परीक्षेची खूण आहे. आमची हालचाल तशीच राहिली. किंगपिनची बेअरिंगे झिजलेली होती, स्टेअरिंगच्या दांड्याचे टोकाचे सांधे सैल होते, आणि हे सारे दुरुस्त करण्याऐवजी कोणीतरी एक जाडजूड डॅम्पर (धक्के शोषणारी नळी) बसवून थरथर दाबून टाकली होती. नवी बेअरिंगे घालताना त्यांनी किंगपिनखालच्या पातळ चकत्या कमी-जास्त करून आणि ताणकाट्याने ओढून पाहत ताण जुळवला, त्यात अख्खी दुपार गेली. चाके बॅलन्स करून घेतल्यावर थरथर बरीच कमी झाली, पण स्टेअरिंग वळणानंतर आपणहून सरळ यायला तयार नव्हते.

त्याचे कारण उंचीमध्येच होते. सायकलचा पुढचा चिमटा खाली येताना पुढे झुकलेला असतो, म्हणून हात सोडला तरी सायकल सरळ जाऊ पाहते. मोटारीत याच झुकावाला कॅस्टर म्हणतात. जिप्सीच्या पुढच्या कमानपाट्यांची (पोलादी पातींच्या स्प्रिंगांची) मागची टोके चासीला पक्की असतात आणि पुढची टोके शॅकलवर, म्हणजे हलत्या कडीवर, झुलतात. तिथे मूळ शॅकलच्या जागी लांब पट्ट्या ठोकल्या की चासी वर जाते खरी, पण पाट्याचे पुढचे टोक तिच्या मानाने खाली जाऊन संपूर्ण ॲक्सल (दोन चाकांमधला आडवा दांडा) पुढे झुकतो आणि होता तेवढा कॅस्टर गमावून बसतो. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये जाड बाजू पुढे ठेवून लोखंडी पाचर घातली तर कॅस्टर परत मिळवता येतो. मात्र त्याच पाचरीने डिफरन्शियलचे, म्हणजे ॲक्सलवरच्या गिअरांच्या गोळ्याचे, तोंड खाली वळते आणि त्याला ताकद पोचवणाऱ्या पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवरचा (वळत्या सांध्यावरचा) कोन वाढतो. एका ठिकाणी मिळवलेले दुसऱ्या ठिकाणी फेडावे लागते, हा अनुभव पुढे प्रत्येक नटबोल्टाशी येत राहिला.

मागची बाजू अधिक वाईट होती. तिथेही लांब शॅकल लावून पाटे जुन्याच यू-बोल्टांनी आवळले होते. ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा) फ्लॅन्ज आणि डिफरन्शियलचे तोंड एकमेकांना समांतर असले, तरच शाफ्टच्या दोन टोकांचे क्रॉस एकमेकांची वेगातली चढउतार भरून काढतात. इथे शॅकलने डिफरन्शियलचे तोंड वर उचलले होते, म्हणून चाळिसच्या पुढे गाडीच्या तळातून गुरगुर ऐकू यायची. ब्रेकचे लवचिक पाइप मात्र मूळ लांबीचेच होते. चासी जॅकवर उचलून ॲक्सल लोंबकळू दिला तेव्हा ते तारेसारखे ताणले गेले. खडकाळ वाटेवर एखादे चाक खड्ड्यात गेले असते तर काय झाले असते, याचा विचार मी त्या रात्री बराच वेळ केला.

मिस्त्रींनी उंची ठेवायची की काढायची, असे विचारले. उत्तर शोधायला मी टेप घेऊन गाडीखाली गेलो, आणि जे मापले ते खरेदीपूर्वीच लक्षात यायला हवे होते. चासी कितीही वर नेली तरी ॲक्सल आणि त्यावरचा डिफरन्शियलचा गोळा चाकांच्या पातळीशीच बांधलेले राहतात. त्यांना वर नेतो तो फक्त टायर, आणि तोही व्यासातल्या वाढीच्या निम्म्यानेच, म्हणजे माझ्या गाडीत जेमतेम ३३ मिलिमीटरने. शेताच्या वाटेवर दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्याला घासतो तो नेमका हाच गोळा. चासीची उंची मोठे दगड चढताना किंवा तीव्र चढाच्या पायथ्याशी उपयोगी पडते हे खरे आहे, पण माझ्या चिखलाच्या वाटेवर ते चार इंच निव्वळ दिमाखाचे होते.

दुसरे कारण कागदपत्रांचे होते. गाडीला २०२३ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण होत होती, त्यामुळे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तिला तपासणीला न्यावेच लागणार होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांना सोडून बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात तेच स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नोंदणीच्या पुस्तकातल्या गाडीहून वेगळी गाडी रस्त्यावर असताना अपघात झाला, तर विमा कंपनीशी वाद घालण्याची माझी तयारी नव्हती.

म्हणून सगळेच उतरवले. महामार्गालगतच्या कमानपाटेवाल्यांनी पाटे सोडवून पाहिले आणि म्हणाले, “साहेब, पाटे चांगले आहेत, ह्यांना कुणी काम करू दिलं नाही एवढंच.” मोडलेली एक पात बदलून, मूळ मापाची शॅकले, नवे बुश आणि नवे यू-बोल्ट घालून त्यांनी संध्याकाळपर्यंत गाडी मोकळी केली. रुंद टायर विकून मूळ मापाचे घेतले, तेव्हा स्पीडोमीटरही खरे बोलू लागला. दिव्यांची पट्टी फ्यूजशिवाय थेट बॅटरीला जोडलेली निघाली. ती काढली, विषय संपला.

एक गोष्ट मात्र मी मूळच्याहून वेगळी ठेवली. मागच्या डिफरन्शियलमधले तेल दुधाळ निघाले होते, कारण तापलेला ॲक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या (आतली हवा ये-जा करू देणाऱ्या) भोकातून किंवा ऑइल सीलमधून पाणी आत ओढते. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचे तोंड चासीच्या वर बांधून घेतले, तेल दोनदा बदलले, आणि त्यानंतर ते स्वच्छ निघते आहे.

तपासणीत गाडी पहिल्याच फेरीत पास झाली. त्या पावसाळ्यात शेताच्या वाटेवर डिफरन्शियल एकाच ठिकाणी घासत राहिला, आंब्याच्या झाडाखालच्या एका दगडाला. पुढच्या मे महिन्यात मी आणि शेजारचे काका पहार घेऊन गेलो आणि तो दगड उपटून बांधावर लावून टाकला.