माझा अनुभव: वाटाण्याच्या पानावरचं मेण आणि तणनाशक

पेरणीनंतर पेंडीमेथालीन मारलं की वाटाण्यातल्या तणाची काळजी मिटली, अशा समजुतीत मी होतो. दुसऱ्याच दिवशी फवारलंही. पण वरची माती कोरडी होती आणि ढेकळं तशीच होती. हे औषध मातीच्या वरच्या थरात बसतं आणि उगवणाऱ्या तणाची मुळं-कोंब तिथंच खुंटवतं. ते बसायला ओल लागते, आणि ओलच नव्हती. ढेकळांखालच्या जागेला तर औषध लागलंच नाही. तीन आठवड्यांत ओळींच्या मधे हिरवं दिसू लागलं.

वाटाणा लहान असताना फार भिडस्त असतो, तणाशी भांडत नाही. पहिला महिना-दीड महिना रान स्वच्छ हवं. नंतर वेल एकमेकांत असे गुंततात की खुरपं घातलं तर तणाबरोबर वेलही उपटून येतो. म्हणजे जे करायचं ते लगेच.

आधी रानात बसून तण ओळखलं. अरुंद पानांचं गवत तीन पानांवर होतं. चंदनबटवा भरपूर, थोडी रानमोहरी आणि एका कडेला लव्हाळा. लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण गवत नव्हे. देठ बोटांत फिरवला की तीन धारा लागतात. हा फरक पुढे कामाला आला.

गवत आणि रुंद पानांचं (चंदनबटवा, रानमोहरी) असं दोन्ही प्रकारचं तण मारणारं इमाझेथापायर डोळ्यांसमोर होतं. पण ते जमिनीत मागे राहतं आणि मला पुढे मोहरी घ्यायची होती, म्हणून सोडलं. मग ठरलं की गवतासाठी क्विझालोफॉप-इथाइल आणि रुंद पानांसाठी बेंटाझोन. दोन्हींच्या लेबलवर वाटाण्याचं नाव आहे ना, ते आधी पाहिलं. दोन्ही एका टाकीत ओतून एका फेरीत काम उरकायचा मोह झाला, पण बेंटाझोन सोबत असलं की गवताच्या औषधाचा जोर कमी पडतो. म्हणून दोन फेऱ्या, आणि पहिली गवताची.

इथं माझी जुनी खोड उघडी पडली. आजवर पंपात औषध टोपणानं, अंदाजानं पडायचं. या वेळी पंपात साधं पाणी भरून 100 चौरस मीटर फवारलं, नेहमीच्याच चालीनं. 4.2 लिटर पाणी गेलं, म्हणजे हेक्टरी 420 लिटर, 15 लिटरचे 28 पंप. क्विझालोफॉपच्या 5 टक्के ईसीची (पाण्यात मिसळायचं तेलकट द्रावण) मात्रा हेक्टरी 1 लिटर होती, म्हणजे पंपाला सुमारे 36 मिली. माझं टोपण 50 मिलीचं आहे! नोझलही बदललं. कीटकनाशकाचं गोल फवाऱ्याचं काढून सपाट पंख्यासारख्या फवाऱ्याचं लावलं. पंपाचं म्हणाल तर, पूर्वी एकदा 2,4-डी हे रुंद पानांचं तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून वाटाण्यात नेला होता. शेंडे पिळवटून गेले होते. तेव्हापासून वाटाण्याचा पंप वेगळा.

फवारणीनंतर चार दिवस गवत जसंच्या तसं हिरवं. औषध वाया गेलं असंच वाटलं. सहाव्या दिवशी गवताच्या एका रोपाचा पोंगा (मधली गुंडाळलेली कोवळी पानं) धरून ओढला तर अलगद हातात आला, बुडाशी तपकिरी आणि कुजलेला. मग पानं जांभळट झाली आणि दोन आठवड्यांत गवत वाळलं. हे औषध गवताच्या स्निग्धाम्लं बनवणाऱ्या विकरावर (एन्झाइमवर) घाला घालतं. वाटाण्यातलं तेच विकर वेगळ्या घडणीचं असल्यानं त्याला झळ लागत नाही. चंदनबटव्यालाही लागली नाही, आणि कडेचा लव्हाळा तर मजेत होता.

बेंटाझोनचं प्रकरण जास्त नाजूक. वाटाणा हे औषध स्वतःच्या अंगात मोडून टाकतो, पण त्याआधी पानावरचं मेण फवाऱ्याचे थेंब घरंगळवून देतं. पाऊस आणि वारा यांनी मेण घासलं गेलं की औषध नको तितकं आत शिरतं. दोन दिवस नेमका वाऱ्यासह पाऊस होऊन गेला होता. तोंड आलं की लावतात ते जेन्शियन व्हायोलेट आणलं आणि पाण्यात 1 टक्का द्रावण केलं. वेगवेगळ्या जागची काही रोपं त्यात बुडवून झटकली. मेण शाबूत असेल तर रंग टिकत नाही. माझ्या पानांवर मोठमोठे जांभळे डाग! फवारणी थांबवली. बोटं मात्र आठवडाभर जांभळीच होती, हातमोजे घालायला हवे होते.

चार कोरडे दिवस जाऊ दिले आणि पुन्हा रोपं बुडवली. या वेळी फक्त मोडलेल्या-दुमडलेल्या जागी रंग धरला. वाटाणा तीन जोड पानांच्या पुढे गेला होता. दव वाळल्यावर, ऊन असताना फवारलं. हे औषध लागेल तिथंच काम करतं, म्हणून तणाची पानं नीट भिजवली. चिकटद्रव्य म्हणून तेल घालायचं नाही; तेल मेणावरच उठतं.

चार-पाच सेंटिमीटरचा चंदनबटवा आणि रानमोहरी करपून गेली. उंच झालेला चंदनबटवा मात्र वरून भाजला आणि बगलेतून पुन्हा फुटला. तो हातानं उपटला. थांबलेले ते चार दिवस त्याला वाढायला मिळाले, हे कबूल करायला हवं, पण वाटाणा भाजण्यापेक्षा ते परवडलं. लव्हाळ्याची पानं पिवळी पडली आणि जमिनीतल्या गाठींतून तो परत आला. बांधाशी वळताना दुबार फवारा पडला होता तिथं वाटाण्याच्या पानांच्या कडा पिवळ्या झाल्या. नवी पानं स्वच्छ आली.

मधला एक मीटरचा पट्टा मुद्दाम न फवारता ठेवला होता. फुलं लागली तेव्हा तिथं चंदनबटव्यात वाटाणा शोधावा लागत होता. पुढच्या वेळी आधी ढेकळं फोडायची आणि पेंडीमेथालीन मारल्यावर हलकं पाणी द्यायचं ठरवलं आहे. जेन्शियन व्हायोलेटची उरलेली बाटली पंपाशेजारीच ठेवली आहे.