कोशिएनचा वारा आणि रँडी बास

क्योतोची देवळं बघा, फुजी बघा, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. तेही बघितलंच. पण ओसाकात पोचल्यावर मला ओढ होती ती कोशिएनच्या बेसबॉल मैदानाची, आणि तीही एका अमेरिकन माणसामुळे.

उमेदाहून हानशिन रेल्वेत बसलं की सामन्याची गर्दी लगेच ओळखू येते. पिवळे-काळे शर्ट, गळ्यात टॉवेल, पिशवीत प्लास्टिकच्या छोट्या बॅटी. कोशिएनला जवळजवळ सगळी गाडी रिकामी होते. मैदान १९२४ सालचं. बाहेरच्या भिंतींवर वेल चढलेत आणि आत इनफिल्डला, म्हणजे फलंदाजाजवळच्या भागात, गवताचं पातंही नाही, नुसती काळी माती.

माझी जागा उजव्या आउटफिल्डला, म्हणजे फलंदाजापासून दूरच्या टोकाला, इथल्या हानशिन टायगर्स संघाच्या कट्टर मंडळींत होती. अंधार पडायच्या सुमारास पाठीमागून वारा सुटला. याला इथे 'हामाकाझे' म्हणतात, समुद्रावरून येणारा वारा. तो उजवीकडून डावीकडे वाहतो. एका डावखुऱ्या फलंदाजाने आमच्या दिशेने चेंडू असा उंच उडवला, की सगळा स्टँड उभा राहिला. चेंडू वर गेला, हवेत अडखळला आणि कुंपणाच्या बराच अलीकडे क्षेत्ररक्षकाच्या ग्लोव्हमध्ये पडला. रँडी बासचं मोठेपण मला त्या क्षणी खरं समजलं.

ओक्लाहोमाचा हा डावखुरा १९८३ साली इथे आला. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये त्याचा जम बसला नव्हता. डावखुऱ्याचा जोरदार फटका सहसा उजवीकडे, म्हणजे या वाऱ्याविरुद्ध जातो. पण त्याने वाऱ्याशी भांडण केलं नाही. चेंडू डावीकडे मारायला लागला आणि तोच वारा त्याच्या कामी आला. १९८५ मध्ये ५४ होम रन (चेंडू थेट कुंपणापलीकडे) आणि .३५०ची सरासरी, म्हणजे शंभरातल्या पस्तीस वेळा यशस्वी फटका. संघाला पहिलं जपान सिरीज, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेचं विजेतेपद. पुढच्या वर्षी सरासरी .३८९, जी अजून कुणाला ओलांडता आलेली नाही.

आयपीएलसारखीच इथेही परदेशी खेळाडूंवर मर्यादा आहे, एका सामन्यासाठी जास्तीत जास्त चार. त्यामुळे येणाऱ्याकडून लगेच मोठ्या खेळीची अपेक्षा असते. नाही जमलं, तर वर्षाअखेरीस परतीचं विमान. आणि जमलं तरी सगळे दरवाजे उघडतातच असं नाही. १९८५च्या शेवटी बास जपानचे महान फलंदाज सादाहारू ओ यांच्या एका मोसमातल्या ५५ होम रनच्या विक्रमापासून एकच पाऊल दूर होता. समोर योमिउरी जायंट्स, त्यांचे व्यवस्थापक खुद्द ओ. त्यांचे पिचर, म्हणजे गोलंदाज, चेंडू बॅटच्या आवाक्याबाहेरच टाकत राहिले आणि बास ५४वरच थांबला. मला हे आजही खटकतं. पुढे २००१ मध्ये टफी ऱ्होड्स आणि २००२ मध्ये अ‍ॅलेक्स काब्रेरा, हे दोघे परदेशी फलंदाजही ५५वर अडकले. अखेर २०१३ मध्ये कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटाच्या व्लादिमिर बालेंटिनने ६० मारून तो विक्रम मोडला.

लोकांचं प्रेम मात्र वेगळंच. शेजारच्या आजोबांना मी "बास?" एवढंच विचारलं. त्यांनी तळहातावर बोटाने ८५ लिहून दाखवलं, मग उठून डावखुरी स्विंगही करून दाखवली. तेवढ्यात आमचा परदेशी फलंदाज आला. ट्रम्पेट वाजले आणि त्याच्यासाठी रचलेलं गाणं हजारो लोक पाठ म्हणू लागले. प्लास्टिकच्या बॅटी एका ठेक्यात आपटत होत्या, पाठीवर बिअरचा पिंप घेतलेल्या मुली पायऱ्यांवर थबकल्या होत्या. घरापासून एवढ्या लांब आलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटत असेल!

बासचा शेवट इथे सुखाचा झाला नाही. १९८८ मध्ये मुलाच्या मेंदूतल्या गाठीच्या उपचारासाठी तो अमेरिकेत गेला आणि तिकडे असतानाच संघाने त्याला मोकळं केलं. जपानी बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली ती थेट २०२३ मध्ये. फार उशीर केला, असं माझं स्पष्ट मत. त्याच वर्षी टायगर्सनी ३८ वर्षांनी पुन्हा जपान सिरीज जिंकली. व्यवस्थापक होते आकिनोबु ओकादा, १९८५च्या संघात बासबरोबर खेळलेले, पाचव्या क्रमांकावर फलंदाजीला येणारे.

जाणार असाल तर दुपारीच पोचा आणि आधी कोशिएन इतिहास संग्रहालय बघा. तिकीट उजव्या आउटफिल्डचंच काढा, पण पाहुण्या संघाचा शर्ट घालून तिथे बसू नका. आणि एप्रिलमध्ये जात असाल तर जाकीट न्या, रात्री तो वारा चांगलाच बोचतो.