वीतभर खाली: आमची वाटचाल

घराभोवती काँक्रीटच्या वाटा घालणं हा आमचा धंदा आहे, असं सांगितलं की समोरचा माणूस पुढचं ऐकायला थांबतो. पुढचं काही नसतं. घर दुसऱ्याने बांधलेलं असतं, आम्ही त्याच्या पायाशी काम करतो.

2009 साली कुडाळ तालुक्यात सुरुवात केली तेव्हा माझ्याकडे बाबांची करणी नि ओळंबा, भाड्याचा मिक्सर आणि तीन माणसं होती. बाबा जन्मभर चिऱ्याचे गवंडी. स्लॅबची, बंगल्यांची कामं मोठे कंत्राटदार घेत. त्यांना नको असलेलं उरलंसुरलं आमच्या वाट्याला येई. पण आमच्याकडे चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घराभोवतीचा चिखल नि शेवाळ यांना वैतागलेली माणसं मुबलक. त्यात मुंबईचे चाकरमानी मे महिन्यात येतात आणि चतुर्थीपर्यंत सगळं चकाचक हवं असतं. कामाला तोटा नव्हता.

2011 मध्ये एका निवृत्त गुरुजींचं काम मिळालं. जांभ्याचं जुनं घर, चारी बाजूंनी वाट. काकूंचे गुडघे दुखायचे, म्हणून पायऱ्या नकोत अशी अट होती. आम्ही आजूबाजूची माती ओढून भर घातली, धुमसाने चेपली आणि ओटीच्या जमिनीपासून जेमतेम इंचभर खाली काँक्रीट ओतलं. दिसायला दिवाणखान्यासारखी वाट झाली. ती बघून वाडीतली आणखी तीन कामं आली. मी खूश.

2013 च्या चतुर्थीला गुरुजींचा फोन आला. माजघराच्या दाराची चौकट अंगठ्याने दाबली की आत जात होती. वरचा रंग शाबूत, आत पोकळ, नुसती वाळवीची माती. बाहेरच्या भिंतीचा गिलावा कमरेपर्यंत फुगलेला, त्यावर पांढरा क्षार आलेला. मी आधी लाकडाला दोष दिला. मग बाबांना घेऊन गेलो. ते वाटेच्या कडेला उकिडवे बसले, भिंतीकडे बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, “ह्यां पाणी जातला खंय?”

उतारच नव्हता. वाट लेव्हलमध्ये अशी सरळ की पावसाचं पाणी भिंतीलगत उभं राहत होतं. पण ती अर्धीच चूक. जांभा स्पंजासारखा असतो. ओली माती टेकली की पाणी वर चढवतो. पूर्वीची माणसं उगाच दोन-तीन फुटांचं जोतं करत नव्हती. त्या जोत्याला आम्ही मातीत पुरलं होतं. आणि वाळवीला उघड्यावर यायचं झालं तर मातीची नळी करावी लागते, ती माणसाला दिसते. आम्ही तिला झाकलेला रस्ता दिला. काँक्रीट सुकताना आकसतं, भिंतीशी बारीक फट पडते. डोळ्याला जेमतेम दिसली तरी वाळवीला पुरते. शिवाय भरीत आम्ही टाकलेले सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे नि नारळाची सोडणं होती. म्हणजे जेवणही आम्हीच वाढलेलं.

ती वाट आम्ही स्वखर्चाने फोडली. त्या वर्षी हातात काही उरलं नाही. नवी घातली ती जोत्याच्या वरच्या कडेपासून नऊ इंच खाली. बाबा त्याला वीतभर म्हणाले, तेव्हापासून आमच्यात तोच शब्द.

नऊच का? भिंतीत डीपीसी, म्हणजे ओल वर चढू न देणारा थर, असेल तर तिच्या खाली किमान सहा इंच मोकळे हवेत, हा नेहमीचा नियम. पण आमच्याकडे पागोळ्यांचं पाणी काँक्रीटवर आपटतं आणि भिंतीवर उडतं. सहा इंच त्याला पुरत नाहीत. म्हणून वीतभर, आणि जिथे पागोळी पडते तिथे काँक्रीटऐवजी खडीचा पट्टा. खडीवर पाणी आपटत नाही, मुरतं.

आता काम सुरू होतं ते नळीने. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक डीपीसीच्या खुणेशी धरून मी उभा, दुसरं टोक घेऊन पोरगा घराभोवती फिरतो. कोपऱ्यावर आला की ओरडतो, “बघा!” नळीत बुडबुडा राहिला तर इंचाची चूक सहज होते, म्हणून आधी नळी झटकायची, दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं आहे का बघायचं. हे नवीन माणसाला पटायला महिना जातो. आता लेझरची लेव्हलही घेतली आहे, पण भर उन्हात रेघ दिसत नाही आणि आमचं निम्मं काम भर उन्हातच असतं. चारी कोपऱ्यांवर खूण झाली की तिथून वीत मोजून खाली निळी रेघ. ती वाटेची भिंतीकडची कड. बाहेरची कड तिच्याही खाली: तीन फुटांच्या वाटेला पाऊण ते एक इंच उतार. खाली डबराचं सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, वर चार इंच काँक्रीट, दर पाच-सहा फुटांवर सांधा. भिंतीशी अर्ध्या इंचाची फट मुद्दाम सोडतो आणि डांबर-वाळूने भरतो. सात दिवस पाणी. मालक तिसऱ्या दिवशी गाडी लावतो ते वेगळं.

भांडण होतं ते या वितीवरूनच. घरं खचत नाहीत, अंगणं चढतात. आधी चिऱ्याची फरसबंदी, दहा वर्षांनी तिच्यावर कोबा, मग मुंबईहून मुलगा येतो आणि कोब्यावर पेव्हर ब्लॉक. दर वेळी तीन-चार इंच. समोरचा रस्ताही डांबराचे थर खात वर आलेला, त्यामुळे पाणी उलट घराकडे. अशा ठिकाणी आम्ही सांगतो, आधी फोडायचं. फोडण्याचे पैसे ऐकले की निम्मी माणसं दुसऱ्याकडे जातात. जाऊ द्यावं. थरावर थर आम्ही घालत नाही.

गुडघ्यांचा प्रश्न मात्र खरा आहे, त्याला “जोतं उंच हवं” हे उत्तर नव्हे. जिथे उंबऱ्यापर्यंत सपाट हवंच, तिथे फक्त दारापुरता उतरता रॅम्प करतो. भिंत आणि रॅम्प यांच्यात चार इंचांचा चर, वर लोखंडी जाळी. पाणी चरात पडतं, वाळवीला पूल मिळत नाही, आणि जाळी उचलली की आत बघता येतं. स्कूटरही चढते.

वाळवीच्या औषधाचं काम आम्ही स्वतः करत नाही, परवाना असलेल्या माणसाला बोलावतो. जुन्या वाटेला भिंतीलगत फुटाफुटावर 12 मिलिमीटरची भोकं पाडून मीटरला सव्वादोन लिटर द्रावण सोडायचं, असं आयएस 6313 हे वाळवीबद्दलचं भारतीय मानक सांगतं. नवी वाट असेल तर काँक्रीटच्या आधीच माती भिजवून घेतो. पण दारातच विहीर असते आमच्याकडे, आणि त्या बाजूला मी औषध घालू देत नाही. तिथे वीत आणि उघडी भिंत यांवरच भिस्त.

आज दोन मिक्सर नि नऊ माणसं आहेत. बाबा हल्ली कामावर येत नाहीत, घरून फोनवर उतार विचारतात.

गेल्या चतुर्थीला गुरुजींकडे गेलो होतो. चौकट नवी, फणसाची. गिलावा कोरडा ठणठणीत. मागच्या दारी गेलो तर काकूंनी पावसाळ्याचं सरपण वाटेवर, थेट भिंतीला टेकवून रचलेलं, माझ्या निळ्या रेघेच्या हातभर वर.

“तिथे पागोळ्यांनी भिजत नाही रे,” काकू म्हणाल्या.

मोदकाचं ताट वाढलेलं होतं. आधी सरपण हलवलं, मग हात धुतले.